माझ्या हातून

चवथीच्या आदल्या दिवशी आमच्या घरात माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं आणि रानातलं सामान बांधायच्या चौकटीची, धांदल असते. त्याच सकाळी बाबा कुणाला काही न सांगता एक पिशवी भरतात. पाच नारळ, कुळागरातला सुपाऱ्यांचा एक घोस, आणि माटोळीसाठी रानातून आणलेलं थोडं सामान, कांगलां, घागऱ्यो, मिळालं तर एखादं तोरिंजन. पिशवी घेऊन ते चार किलोमीटरवरच्या एका घरी जातात. ती सोप्यावर ठेवतात. घरातली बाई तांब्यातून पाणी आणून देते, ते उभ्यानेच पितात आणि परत फिरतात. 1986 पासून एकही चवथ चुकली नव्हती. यंदा त्यांचे गुडघे पार गेले, घराच्या पायऱ्यासुद्धा उतरवत नाहीत. म्हणून पिशवी मी नेली. तिथे जे ऐकलं त्यामुळे आज लिहायला बसले आहे.

त्या बाईंना विचारूनच लिहितेय. ‘‘बरय, पूण नांव घालूं नाका,’’ असं त्या म्हणाल्या. म्हणून त्यांचं, त्यांच्या गावाचं नाव इथे येणार नाही.

बाबा खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. डिचोली तालुक्यातल्या खाणीवर माल भरायचा, मांडवीकाठच्या जेटीवर नेऊन ओतायचा. तिथून तो बार्जने मुरगाव बंदरात जाई. पैसे खेपेवर मिळायचे, त्यामुळे दिवसाच्या जितक्या खेपा जास्त तितका चुलीला आधार, आणि सगळेच ट्रक पळवायचे. फेब्रुवारी 1986 मधल्या एका दुपारी साकवाच्या अलीकडच्या वळणावर बांधावरून एक पाडूक, म्हणजे वासरू, उधळत रस्त्यावर आलं. त्याच्यामागे सहा वर्षांचा एक मुलगा धावत आला. पाडूक पलीकडे निघून गेलं.

बाबांनी ब्रेक दाबला होता. पोलिसांनी पंचनाम्यात चाकांच्या खुणा मोजल्या, वेग बेताचाच होता असं निघालं, मागच्या ट्रकवाल्यानेही तशीच साक्ष दिली. भारतीय दंड संहितेच्या कलम 304-अ खाली, म्हणजे हयगयीने मृत्यूस कारण झाल्याबद्दल, खटला चालला आणि बाबा निर्दोष सुटले. विम्याचे पैसे न्यायाधिकरणामार्फत त्या घराला मिळाले. कागदावर सगळं मिटलं.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. आमच्या घरात बोलणं कोंकणी. शाळा, देवळातलं भजन आणि वर्तमानपत्र मराठी. त्या दिवसांत बाबा फार बोलत नसत, पण कुणी विचारलंच तर एकच वाक्य म्हणायचे. ‘‘म्हज्या हातांतल्यान एक भुरगो गेलो.’’ माझ्या हातून एक मुलगा गेला. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की त्याची रचना मला पाठ झाली, आणि पुढे तत्त्वज्ञान शिकायला गेले तेव्हा कितीतरी दिवस मी त्या रचनेशीच झगडत होते, हे फार उशिरा कळलं.

आपल्या भाषेत क्रियापदं जोडीने येतात. फुटलं, फोडलं. पडलं, पाडलं. तुटलं, तोडलं. मेला, मारला. पहिल्या रूपात गोष्ट आपली आपण होते, कुणी केली ते बोलायची गरजच पडत नाही. दुसऱ्यात करणारा समोर उभा राहतो. घरी येणारे शेजारीपाजारी बाबांना पहिल्या रूपाच्या आडोशाला बसवायला बघत होते: अपघात झाला, भुरगो मेलो, तुजी कांयच चूक ना. मुलाचे काका सुरुवातीच्या दिवसांत दुसऱ्या रूपात बोलत होते: ह्याणें मारलो. बाबांनी दोन्ही नाकारलं. त्यांनी ‘हातून’ घेतलं.

‘हातून’ हा शब्द मला मराठीतला फार मोठा ऐवज वाटतो. माझ्या हातून कप फुटला म्हणणारा सबब सांगत नाही. हात माझा होता, हे तो आपण होऊन कबूल करतो. पण मी फोडला असंही म्हणत नाही, कारण ते खोटं होईल. आणि हा शब्द फक्त वाईटासाठी नाही. आजीची शेवटची 3 वर्षं आईने अंथरुणात केली, तेव्हा आई म्हणाली, माझ्या हातून तिची सेवा घडली. केली म्हणाली नाही. चांगलं घडलं तरी ते सगळं माझ्या मालकीचं नाही, आणि वाईट घडलं तरी मी त्यातून अंग काढून घेणार नाही, एवढं सगळं त्या एका शब्दात बसतं.

एम.ए.ला मी साखळीहून पणजी आणि पणजीहून ताळगावच्या पठारावर रोज दोन बस बदलून जायचे. तिथे पहिल्यांदा जे. एल. ऑस्टिन वाचला. ऑक्सफर्डचा हा माणूस 1956 मध्ये सबबींवर व्याख्यान देतो, म्हणजे माणसं आपल्या कृत्याबद्दल ‘मी मुद्दाम नाही केलं’ हे कोणकोणत्या शब्दांत सांगतात त्यावर. त्याचं उदाहरण गाढवांचं आहे. तुमचं आणि माझं गाढव एकाच शेतात चरतं. मला माझं गाढव नकोसं झालं, नेम धरून गोळी घातली, जवळ जाऊन बघतो तर मेलेलं गाढव तुमचं. ही गफलत. दुसऱ्या वेळी मी माझ्याच गाढवावर नेम धरतो, पण ऐन वेळी दोन्ही हलतात आणि तुमचं पडतं. हा अपघात. इंग्रजीत या दोन्हींसाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि बोलणारे ते बेसावधपणे अदलाबदल करतात. ऑस्टिनचं म्हणणं असं की अशा वेळी आपण नेमकं काय म्हणू, हे बारकाईने पाहिलं तर जबाबदारीबद्दल पिढ्यान्‌पिढ्या साठलेलं शहाणपण हाती लागतं.

मी बसमध्ये बसून हा प्रयोग मराठीत करून पाहायचे. आपलं ‘चुकून’ दोन्ही गाढवांना पुरतं, तिथे आपण ढिले आहोत. पण नजरचुकीने, अनवधानाने, नकळत, बेसावधपणी, हयगयीने, यांतला कुठलाही शब्द दुसऱ्याच्या जागी बसवून बघा, वाक्य लगेच अडतं. ‘नजरचुकीने मुलगा गेला’ असं कुणी म्हणेल का? कायद्याने बाबांसाठी ‘हयगयीने’ हा शब्द काढला होता आणि तो लागू पडत नाही म्हणून त्यांना सोडलं. कायद्याच्या शब्दांच्या पेटीत ‘हातून’ नाही. त्यामुळे कोर्टाने बाबांबद्दल जे सांगितलं ते खरं होतं, आणि तरी बाबांना जे सांगायचं होतं ते त्यात कुठेच नव्हतं.

मग एक दिवस वाचनालयात बर्नर्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाचा 1976 चा निबंध हातात आला. मी जन्मले ते हे वर्ष. त्यात मधेच एक ट्रक ड्रायव्हर येतो. त्याची काडीचीही चूक नसताना त्याच्या चाकाखाली एक मूल येतं. मी तिथेच थांबले. पुढचं वाचायला संध्याकाळ झाली.

विल्यम्स म्हणतो, तिथे उभ्या असलेल्या कुणालाही वाईट वाटेल, पण ड्रायव्हरला जे वाटेल ते वेगळ्याच जातीचं असेल. बघ्याला वाटतं, हे घडायला नको होतं. ड्रायव्हरला वाटतं, हे माझ्याकडून घडायला नको होतं. लोक त्याची समजूत काढतील, तुझा दोष नाही म्हणतील, आणि त्यांनी तसं म्हणणं योग्यच आहे. पण तो ड्रायव्हर लगेच, सहज, ‘हो, बरोबर आहे, माझा दोष नाही’ म्हणून मोकळा झाला, तर त्याच लोकांना तो माणूस कसासाच वाटेल. विल्यम्सला या भावनेसाठी इंग्रजीत एक नवा जोडशब्द तयार करावा लागला, कर्त्याची खंत अशा अर्थाचा. तो वाचताना मला बाबांचं वाक्य ऐकू येत होतं. ते सातवी पास आहेत. त्यांना शब्द तयार करावा लागला नव्हता, आजीच्या बोलण्यातूनच मिळाला होता.

विल्यम्स पुढे भरपाईबद्दलही बोलतो. विमा कंपनीने पैसे दिले म्हणजे नुकसान भरून निघतं, पण ड्रायव्हरला स्वतः काहीतरी करावंसं वाटतं आणि ते विम्याने भागत नाही. तेव्हा मला ती पिशवी समजली. पाच नारळांची किंमत काय असणार. पण ते नारळ दुसऱ्या कुणी दिलेले चालणार नव्हते, बाबांनी स्वतः पाडून, सोलून, शेंडी राखून नेलेलेच हवे होते. यंदा मी नेते म्हटल्यावर त्यांनी आधी ऐकलं नाही. मग पिशवीच्या बंदाला सुतळीची गाठ मारून दिली आणि ती गाठ सुटली नाही ना, हे दोनदा हात लावून पाहिलं.

निबंध वाचला त्या संध्याकाळी घरी येऊन मी बाबांना तो कोंकणीतून सांगितला होता. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, ‘‘तो मनीस ट्रक चलयतालो काय?’’ मी म्हटलं, नाही, पण सक्तीच्या लष्करी सेवेत असताना विमान चालवायचा. त्यांनी मान हलवली. हे त्यांना पटण्यासारखं वाटलं.

विल्यम्सने हा निबंध ज्या चर्चासत्रात मांडला, त्यातच टॉमस नेगेलने त्याला उत्तर दिलं होतं. आपण मानतो की माणसाला त्याच्या हातात होतं तेवढ्याचाच जाब विचारावा. पण मग परिणाम नशिबाचा, परिस्थिती नशिबाची, स्वभावसुद्धा बराचसा नशिबाचा. काढत गेलं तर माणसाचं असं उरतं काय? बाबांच्या मागच्या ट्रकवाल्याचा वेग तोच होता, ब्रेकही तसलेच. तो त्या रात्री घरी जाऊन जेवला. आणि खेपेवर पैसे ही पद्धत त्या दोघांपैकी कुणी ठरवली होती? हा नेगेलचा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो. पण तो दोषाबद्दल आहे. बाबांचा प्रश्न दोषाचा नव्हताच, आणि हे मला नेगेलमुळे नाही, देवळात कळलं.

त्याबद्दल सविस्तर लिहायला हवं. खटला चालू असतानाच बाबांनी गावच्या देवळात प्रसाद घ्यायचं ठरवलं. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: मूर्तीला ओल्या कळ्या किंवा पाकळ्या उजव्या-डाव्या बाजूंना ठरलेल्या जागी लावतात, भटजी देवासमोर प्रश्न मांडतात, आणि मग सगळे थांबतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मला बाबांनी सोबत नेलं होतं. गाभाऱ्यात समईचा उजेड आणि तेलाचा वास. काळ्या पाषाणावर पांढऱ्या कळ्या चिकटलेल्या. भटजींनी गाऱ्हाणं घातलं: महाराजा, या तुझ्या लेकराचा ह्यात दोष नसेल तर उजवा दे. पाणी पाषाणावरून ओघळत होतं. एक कळी किंचित घसरली, तिथेच अडली, पुन्हा घसरली. मी श्वास धरून होते. उजवी पडली.

भटजींनी ती कळी बाबांच्या ओंजळीत ठेवली. घरी येईपर्यंत बाबा काही बोलले नाहीत. रात्री आईला म्हणाले, देवाला मी चुकीचा प्रश्न विचारला.

पुढे ज्ञानमीमांसा, म्हणजे ‘माहीत असणं’ कशाला म्हणायचं याचा अभ्यास, शिकताना हा प्रसंग मला सोडेना. 1963 मध्ये एडमंड गेटियरने अवघ्या तीन पानांत दाखवून दिलं की एखादी गोष्ट खरी असली, माणसाचा तिच्यावर विश्वास असला आणि विश्वासाला कारणही असलं, तरी त्याला ते माहीत आहे असं म्हणता येईलच असं नाही, कारण त्याचं बरोबर येणं निव्वळ योगायोग असू शकतं. आपल्याकडे आठव्या शतकात बौद्ध तार्किक धर्मोत्तराने हेच सांगून ठेवलं होतं. मांस भाजायला नुकताच विस्तव पेटवलाय, धूर अजून निघालेला नाही, पण वर माश्यांचा थवा जमलाय. दूरवरचा माणूस त्याला धूर समजतो आणि म्हणतो, तिथे आग आहे. आग आहेच. पण त्याला ते कळलं असं कसं म्हणायचं? बाबांचा दोष नव्हता हे खरं. कळीने तेच सांगितलं. पण कळी पडते ती पाण्याने, वजनाने, समईच्या उष्णतेने. मी धर्मोत्तराचा माणूस होऊन ती कळी माश्यांच्या थव्यासारखी पाहत होते.

अँटनी फ्ल्यूने 1950 च्या सुमारास याहून कडक प्रश्न विचारला. जंगलातल्या एका मोकळ्या जागेत फुलं दिसतात. एक प्रवासी म्हणतो, इथे माळी येत असणार. पहारा ठेवतात, कुणी येत नाही. कुंपण घालून वीज सोडतात, कुत्रे फिरवतात, तरी काही नाही. दरवेळी पहिला म्हणतो, माळी आहे, पण अदृश्य आहे, त्याला स्पर्श नाही, वास नाही. शेवटी दुसरा विचारतो, तुझ्या या माळ्यात आणि माळी नसण्यात फरक तो काय उरला? आमच्याकडे कळी पडलीच नाही तर म्हणतात, देव आज बोलत नाही. डावी पडली तर म्हणतात, वेळ आलेली नाही. फ्ल्यू विचारेल, असं काय घडलं तर तुम्ही मान्य कराल की तिथे कुणी बोलणारा नाही? या प्रश्नाला आमच्या देवळात कुणाजवळ उत्तर नव्हतं आणि माझ्याजवळही नाही.

पण प्रसादाचं उत्तर उजवं येऊनही बाबांचं समाधान झालं नाही, ही गोष्ट फ्ल्यूच्या गोष्टीत बसत नाही. ते तिथे माहिती मागायला गेले नव्हते. दोष नाही हे त्यांनी स्वतः डोळ्यांनी पाहिलं होतं, स्वतःच्या पायाने ब्रेक दाबला होता. त्यांना कुणीतरी हवं होतं ज्याच्यासमोर ‘हातून’ हा शब्द ठेवता येईल.

आता देवाकडे येते. त्या मुलाच्या आईने तेव्हापासून एकच वाक्य धरलं होतं: देवान व्हेलो. देवाने नेला. सगळ्या गावात कर्ता असलेलं वाक्य बोलणारी, काकांचा राग ओसरल्यावर, तीच एकटी उरली होती. आणि कर्ता म्हणून तिने देवाला उभं केलं होतं.

जे. एल. मॅकीने 1955 मध्ये ही अडचण तर्काच्या भाषेत मांडली: देव सर्वशक्तिमान आहे, देव पूर्ण चांगला आहे, आणि तरी जगात वाईट आहे, ही तिन्ही वाक्यं एकत्र टिकत नाहीत. 1974 मध्ये अल्विन प्लँटिंगाने उत्तर दिलं की माणसाला खरं स्वातंत्र्य द्यायचं तर ते वाईटाकडे वळणारच नाही याची हमी देवालाही देता येणार नाही. पण त्या वळणावर कुणाचं स्वातंत्र्य वाईटाकडे वळलं होतं? मुलगा पाडकामागे धावला, बाबांनी ब्रेक दाबला. माणसाच्या इच्छेबाहेरच्या वाईटासाठी प्लँटिंगा अमानवी स्वतंत्र शक्तींची शक्यता सुचवतो. नुसती शक्यता त्याच्या तर्काला पुरते हे मला कळतं. पण त्या आईसमोर ते वाक्य उच्चारायची माझी हिंमत नाही, आणि जे तिच्यासमोर उच्चारता येत नाही त्यावर माझा विश्वास बसत नाही.

आपल्या परंपरेतलं उत्तर गावाने दिलंच होतं. त्याचं तेवढंच आयुष्य, मागच्या जन्मीचं काहीतरी. ब्रह्मसूत्रात हा प्रश्न सरळ घेतलाय, दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात: देवावर पक्षपाताचा आणि क्रूरतेचा आरोप येत नाही, कारण तो जिवांच्या कर्माप्रमाणे फळ देतो. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात, पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, भात उगवायचं की जव ते बीजावर. मग पहिलं कर्म कुठून आलं, तर संसार अनादि आहे, पहिलं असं काही नाही. रचना म्हणून ही भव्य आहे आणि मी तिच्यापुढे नमते. पण तिचा खर्च कोण भरतो? सहा वर्षांचा मुलगा. देवाला निर्दोष सोडण्यासाठी आपण त्या पोराला गुन्हेगार करतो. हे मला तेव्हाही सहन झालं नाही आणि आजही होत नाही.

विल्यम रोने 1979 मध्ये प्रश्न अधिक साधा केला. दूर रानात वीज पडून वणवा लागतो, एक हरणाचं पाडस होरपळतं, कित्येक दिवस तळमळून मरतं. कुणी पाहत नाही, कुणाला काही शिकायला मिळत नाही. या तळमळीतून असं कोणतं भलं झालं जे तिच्याशिवाय होऊच शकलं नसतं? आपल्याला काही दिसत नाही, म्हणजे बहुधा नसावंच. यावर 1984 मध्ये स्टीफन विक्स्ट्राने म्हटलं, थांबा. एखादी गोष्ट दिसत नाही म्हणून ती नाही असं म्हणायला, ती असती तर दिसली असती ही खात्री लागते. साखळीच्या पुलावर उभं राहून मुरगावचं जहाज दिसत नाही, म्हणून बंदर रिकामं ठरत नाही. देवाची कारणं आपल्या दृष्टीच्या टप्प्यात असतीलच असं कशावरून?

हे उत्तर मला बरीच वर्षं सुरक्षित वाटायचं. मग एका पहाटे झोप लागेना तेव्हा विचार आला: असं असेल तर बाबांनी ब्रेक का दाबावा? प्रत्येक मरणामागे आपल्याला न दिसणारं मोठं भलं असू शकतं, आणि ते आहे की नाही हे आपल्याला कळायचा मार्ग नाही, तर त्या क्षणी ब्रेक दाबणं योग्य की अयोग्य हेही आपल्याला कळायला नको. पण बाबांच्या पायाला कळलं होतं. विक्स्ट्राच्या बाजूने बोलणारे यालाही उत्तरं देतात, कर्तव्य वेगळं आणि देवाचा हिशेब वेगळा म्हणतात. मी ती वाचलीत. ब्रेकवरच्या त्या पायापाशी येऊन ती मला अपुरी पडतात.

पी. एफ. स्ट्रॉसनचा 1962 चा निबंध देवावर नाही, पण मला देवाबद्दल सगळ्यात जास्त त्यानेच शिकवलं. तो म्हणतो, राग, कृतज्ञता, रुसवा, क्षमा या भावना आपण ज्याला आपल्यातला धरतो त्याच्याबद्दलच उपजतात. ज्याच्याकडे आपण केवळ एक घटना म्हणून, उपचार करायची केस म्हणून पाहतो, त्याच्यावर आपण रुसत नाही. मॅकी, रो, विक्स्ट्रा, सगळे देवाबद्दल तृतीय पुरुषात बोलतात. तो असेल का, त्याच्याजवळ कारण असेल का? गाऱ्हाणं मात्र द्वितीय पुरुषात असतं. महाराजा, तू. मला वाटायचं, ती आई ‘देवान व्हेलो’ म्हणते ते गाऱ्हाणंच आहे, 39 वर्षं ती देवाशी भांडतेय, आणि भांडणं हाच तिचा विश्वास आहे. मी यावर एक लेखही लिहायला घेतला होता.

यंदा पिशवी घेऊन गेले तेव्हा त्या पडवीत बसून वाती वळत होत्या. आता सत्तरी ओलांडली आहे. बाबा का आले नाहीत, विचारलं. गुडघ्यांचं सांगितलं. त्यांनी पिशवीची गाठ सोडायचा प्रयत्न केला, सुटेना, तशीच मांडीवर घेऊन बसल्या. मी पाणी प्यायले. उठणार, तोच त्या म्हणाल्या, बस.

मग सांगितलं. त्या दुपारी गाय दोहायची वेळ नव्हती, पण पाडूक ओरडत होतं. मुलगा मागे लागला होता, सोड ना, सोड ना. त्यांच्या हाताला पीठ होतं. वैतागून उठल्या, दावं सोडलं आणि पुन्हा भाकऱ्या थापायला बसल्या. कुणाला हे माहीत नव्हतं. नवऱ्यालाही त्यांनी सांगितलं नाही, तो आता नाही. पोलिसांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना ठाऊक होतं ते एवढंच की पाडूक सुटलं. पंचनाम्यातही तेच लिहिलं गेलं, सुटलेलं पाडूक.

‘‘सुटूंक ना बाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तें पाडूक हांवें सोडिल्लें.’’

मी त्यांचा हात धरला. हाताला तुपाचा ओशटपणा होता, वातींचा कापूस चिकटला होता. तुमची काही चूक नाही असं मी म्हटलं, आणि म्हणताना मला आमच्या घरी आलेल्या त्या सगळ्या शेजाऱ्यांचे चेहरे आठवले. बाबांना ते वाक्य शंभर जणांनी ऐकवलं होतं. यांना ते ऐकवणारं 39 वर्षांत कुणी नव्हतं, कारण त्यांनी कुणाला संधीच दिली नव्हती. सगळं देवाच्या नावावर ठेवून दिलं होतं.

जाताना विचारलं, बाबांना सांगू? त्या थोडा वेळ वाती वळत राहिल्या. मग म्हणाल्या, सांग.

संध्याकाळी माटोळीच्या चौकटीला आम्ही नारळ बांधत होतो. बाबा खाली खुर्चीवर बसून दोरीचे तुकडे कापून वर देत होते. मी सांगितलं. त्यांनी कोयता बाजूला ठेवला. अंधार पडेपर्यंत काही बोलले नाहीत. आईने दिवा लावला तेव्हा मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, फाल्यां परत वच. तिका सांग, पाडूक सुटलें.